गिरणीमागची चार मिनिटं

"मेमरी कार्ड खराब आहे. फॉरमॅट करायचे?" असं फोनने सकाळी साडेसातला विचारलं, तेव्हा लिव्हिओ कॉफीचा कप तोंडाला लावणार होता. कप हवेतच राहिला.

"हो म्हण आणि मोकळा हो," त्याची बायको निवेस शेगडीजवळून म्हणाली. "मला फोन काही विचारतो तेव्हा मी हो म्हणते. अजून काही बिघडलेलं नाही."

"हो म्हटलं तर सगळं पुसलं जाईल."

"सगळं म्हणजे काय?"

लिव्हिओने आधी खिडकी लावली, मग दार लावलं आणि हळूच म्हणाला, "बाबांच्या जागा."

जागा तेवीस होत्या. मिरना नदीकाठच्या रानात कुठल्या झाडाखाली पांढरे ट्रफल निघतात, हे त्याच्या बापाने मरताना तीन दिवस त्याच्या कानात सांगितलं होतं. जमिनीखाली वाढणारी आणि वासाने माणसाला खुळं करणारी ही अळंबी म्हणजे त्या घराची एकुलती एक इस्टेट. शेवटचा संस्कार करायला पाद्री आला, तर त्यालासुद्धा सातवी जागा सांगून होईपर्यंत बाहेर बसवलं होतं. पण लिव्हिओचं डोकं म्हणजे फुटका माठ. म्हणून गेल्या हंगामात, वासावरून ट्रफल शोधणाऱ्या बेला या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन तो तेवीसही जागा फिरला आणि फोनमधल्या एका अ‍ॅपने प्रत्येक फेरीची नोंद केली, कुठून चालला, कुठे थांबला, किती वेळ थांबला, सगळी. उन्हाळ्यात बेला गेली. तिच्या जागी आलेला लाम्पो गोगलगाईवरसुद्धा भुंकायचा. त्यामुळे यंदा फोनने जागा दाखवायची, लिव्हिओने बोट दाखवायचं आणि लाम्पोने उकरायचं, अशी कामाची वाटणी झाली होती.

"बंद करून चालू कर," निवेस म्हणाली. "नाहीतर ते अ‍ॅप काढून टाक आणि परत घाल. माझ्या बहिणीचं तसंच नीट झालं."

लिव्हिओने अ‍ॅप काढलं आणि परत घातलं. अ‍ॅप कोरं करकरीत उघडलं आणि त्याला विचारू लागलं, आपलं नाव काय?

आता गावात एलिडाच्या दुकानाशिवाय इलाज नव्हता. एलिडा फोन दुरुस्त करायची आणि हात चांगला होता तिचा. फक्त ती झ्वानेची भाची होती. हा झ्वानेही ट्रफलच काढायचा, आणि गेली बारा वर्षं पुलाजवळच्या पॉप्लरच्या झाडांखाली जीप लावून दुर्बिणीतून लिव्हिओवर पाळत ठेवायचा.

"तिच्याकडे? त्यापेक्षा जागा चर्चच्या दारावर चिकटवतो."

"मग बस इथे आणि आठव," निवेस म्हणाली. "पहिली जागा कुठली, सांग."

लिव्हिओने कोट घातला.

एलिडाने कार्ड यंत्रात घातलं. तिच्या संगणकाचा पडदा नेमका रस्त्याकडच्या काचेसमोर होता. लिव्हिओ कोटाची दोन्ही टोकं पसरून काचेशी उभा राहिला.

"काका, उजेड अडवताय."

"गार वारा येतोय."

"काच आहे ती." एलिडा पडद्याकडे बघत म्हणाली. "अ‍ॅप काढलं का तुम्ही?"

"काढलं. परत घातलं."

"तिथेच चुकलं. हे अ‍ॅप प्रत्येक फेरीची नोंद आधी फोनच्या पोटात स्वतःच्या कप्प्यात ठेवतं. फेरी संपली की ती कार्डावर लिहितं. तुम्ही अ‍ॅप काढलंत, त्याबरोबर कप्पाही गेला. आता जे काही असेल ते कार्डावर. आणि कार्डाची ही अवस्था. रोज काढता-घालता की काय?"

लिव्हिओने खिशातली तंबाखूची डबी चाचपली. रानातून बाहेर पडल्या पडल्या, खानावळीत पाऊल टाकण्याआधी, तो कार्ड उपसून तंबाखूच्या डबीत ठेवायचा. फोन टेबलावर राहिला तरी कोणाच्या हाती काही लागू नये म्हणून. दोन हंगाम हेच चाललं होतं.

"मिळेल का?"

"प्रयत्न करते. तीन टक्के झालंय."

नऊ टक्क्यांवर दाराची घंटी वाजली आणि भाचीसाठी जेवणाचं भांडं घेऊन झ्वाने आत आला.

"अरे वा, लिव्हिओ. फोन आजारी?"

"घड्याळ पुढे-मागे होतंय."

"घड्याळाला इतका घाम?"

"मामा, भांडं ठेव आणि जा," एलिडा म्हणाली. झ्वानेने भांडं ठेवलं आणि तो स्टुलावर बसला. वीस टक्के झाले. चाळीस झाले. लिव्हिओने कोट काढून पडद्याभोवती तंबूसारखा धरला आणि स्वतःचं डोकं आत घातलं. आत एलिडाचंही डोकं होतं.

"एकसष्ट फाईली होत्या," ती कुजबुजली. "चौदा धड निघाल्या. उघडते."

नकाशावर चौदा लाल रेघा उमटल्या, थांबलेल्या जागी मिनिटांच्या आकड्यासकट. लिव्हिओने पहिली पाहिली. जुन्या गिरणीमागे. दुसरी दगडाच्या खाणीकडे. तिसरी कब्रस्तानाच्या भिंतीला वळसा घालून. चौदाच्या चौदा खोट्या.

त्या भागातला प्रत्येक ट्रफलवाला खोट्या फेऱ्या मारतो. तीन दिवस खऱ्या जागी गेला तर एक दिवस लोकांना दिसेल असा भलतीकडे फिरतो. लिव्हिओ त्याही फेऱ्यांची नोंद ठेवायचा, म्हणजे फोन चोरीला गेला तर चोरही फसावा.

"बाकीच्या?"

"अर्धवट लिहिल्यात. लिहून होण्याआधीच कार्ड उपसलेलं दिसतंय, दर वेळी. या चौदा वेळा मात्र तुम्हाला घाई नव्हती."

घाई कशी असेल? खोट्या फेरीनंतर तो शिट्टी वाजवत घरी यायचा. जिवापाड जपलं ते जपण्यानेच गेलं, आणि फेकायच्या लायकीचं होतं ते शाबूत राहिलं. बापाने शेवटचे तीन दिवस श्वास मोजून मोजून खर्च केले होते, आणि या पोराने ते डबीत घालून घालवले. लिव्हिओला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

त्या भरात त्याच्या हातातला कोट खाली आला. मागे झ्वाने उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो पाठ करत होता.

लिव्हिओने कोट परत टाकला, जरा उशिराने. मनात म्हणाला, जा बाबा. उकर ती खाण नाताळापर्यंत. माझं गेलंच आहे, निदान तुझी कंबर तरी जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी तो आठवणीच्या भरवशावर रानात शिरला. लाम्पो सारखा उलट्या बाजूला ओढत होता आणि लिव्हिओ त्याला शिव्या घालत होता. दुपारपर्यंत त्याने अकरा खड्डे केले आणि त्यातून एक घोड्याचा नाल काढला. परतताना खानावळीपाशी गर्दी दिसली. मधे झ्वाने. त्याच्यासमोर फडक्यावर मुठीएवढा पांढरा ट्रफल, आणि त्याचा वास रस्त्यापर्यंत.

"ये, लिव्हिओ," झ्वानेने खुर्ची ओढली. "कुठला ते सांगत नाही. तुला ठाऊकच आहे."

लिव्हिओ बसला. "गिरणी?"

"हळू बोल. बारा वर्षं मला वाटायचं, तिकडे तू मला फसवायला फिरतोस. इतका उघड्यावर, शिट्टी वाजवत. पण काल नकाशात पाहिलं, त्या हेझलच्या झुडपापाशी प्रत्येक वेळी चार चार मिनिटं थांबलेला. म्हटलं, माणूस चार मिनिटं उगाच उभा राहत नाही. मानलं तुला."

"बाबांची जागा," लिव्हिओने ठोकून दिलं.

त्या चार मिनिटांत काय व्हायचं ते त्याला आता लख्ख आठवलं. लाम्पो त्या झुडपाखाली बसायचा, कुईकुई करत माती उकरायचा, आणि लिव्हिओ त्याचा पट्टा धरून त्याला फरफटत ओढायचा. खोट्या जागी कोण खणतं?

घरी आल्यावर त्याने टांगलेल्या प्रशूतचा, म्हणजे वाळवलेल्या डुकराच्या मांसाचा, जाड तुकडा कापला आणि जमिनीवर बसून लाम्पोपुढे धरला.

"ते पाहुण्यांसाठी आहे," निवेस म्हणाली.

"माझी चूक झाली होती," लिव्हिओ म्हणाला. तो नेमका कोणाशी बोलतोय हे तिला कळलं नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकलेलं वाक्य होतं, म्हणून तिने आणखी एक तुकडा कापला.

तिसऱ्या दिवशी लिव्हिओ फोन घरी ठेवून निघाला. झ्वानेची जीप गिरणीकडे गेली होती. लाम्पोने या वेळी रानाकडे बघितलंसुद्धा नाही. तो रस्त्यारस्त्याने सरळ पुलापर्यंत गेला, पॉप्लरच्या झाडांखाली, जिथे बारा वर्षं एक जीप उभी असायची आणि म्हणून कोणी फिरकत नसे. टायरांच्या खुणांपासून हातभर अंतरावर तो बसला आणि कुईकुई करू लागला.

लिव्हिओने मागे वळून पाहिलं. दुर्बीण घेतलेलं कोणी नव्हतं. त्याने पट्टा सोडला.