रिव्हॉल्वरची नवी मूठ

"वीस मिनिटांचं काम आहे," प्रतापने बायकोला, विनीताला, सांगितलं. "पाच स्क्रू काढायचे, जुनी मूठ उतरवायची, नवी बसवायची, पाच स्क्रू परत लावायचे. मेकॅनिकल इंजिनिअर आहे मी."

"चोवीस वर्षं सॉफ्टवेअर करतोयस," विनीता म्हणाली आणि लॅपटॉप घेऊन पेशंट बघायला शेजारच्या खोलीत गेली. ती जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. लॉकडाउनमुळे अर्धे पेशंट व्हिडिओवरच असायचे.

सिडनीतल्या त्या दुसऱ्या लॉकडाउनचा आठवा आठवडा चालू होता. केलीव्हिलच्या त्या घरात प्रतापला चैन पडत नव्हतं. कुंपणाची हेज तीनदा कापून झाली होती. गॅरेजमधली हत्यारं आधी आकाराप्रमाणे, मग रंगाप्रमाणे लावून झाली होती. रविवारी पिस्तूल क्लबात जाऊन काउबॉयसारखी नेमबाजी करायची, हा त्याचा एकुलता एक शौक. आणि क्लबला टाळं.

त्याचं रिव्हॉल्वर जुन्या पद्धतीचं, सिंगल ॲक्शन. दर गोळीला हॅमर अंगठ्याने मागे ओढायचा. मूठ मात्र अशी आखूड, की प्रतापची करंगळी चहाचा कप धरल्यासारखी हवेत राहायची. क्लबातला जुना मेंबर रॉन म्हणाला, "ग्रिप फ्रेम बदल, mate." ती नवी, लांब मुठीची फ्रेम अकरा आठवडे कुठे कुठे हिंडून आज दारात आली होती.

प्रतापने गोळ्या त्यांच्या पेटीत कुलूपबंद आहेत ना, हे बघितलं, रिव्हॉल्वर रिकामं आहे ना, हे दोनदा तपासलं आणि जेवणाच्या टेबलावर कामाला लागला. स्क्रू एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्याने एक छान डबा घेतला. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. पाचवा निघाला आणि जुनी मूठ सुटली, तशी 'टिंग' असा बारीक आवाज झाला. तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग त्याच्या नाकासमोरून उडाली आणि दिसेनाशी झाली.

तो टेबलाखाली शिरला. कार्पेट हाताने चाचपलं. सोफा ओढला. अर्ध्या तासाने तो गुडघ्यांवर बसून मोठमोठ्याने बोलायला लागला होता.

"कुठे लपून बसलीयस? बाहेर ये. तुझ्यामुळे रिव्हॉल्वर हातात घेऊन बसलोय मी. आज तुला सोडत नाही."

विनीताच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत व्हिडिओवर होत्या ब्लॅकटाउनच्या रेखाकाकू, वय शहात्तर, आल्या होत्या फक्त बीपीच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन घ्यायला. त्यांनी हे सगळं स्वच्छ मराठीत ऐकलं. विनीताला कानातल्या हेडफोनमुळे काहीच कळलं नाही.

काकूंचा चेहरा पांढरा पडला, पण त्या डगमगल्या नाहीत.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही खोलीतून बाहेर जाऊ नका हं. माझा गुडघा पण दुखतो."

"कधीपासून?"

"फार वर्षांपासून. सविस्तर सांगते. जरा आवाज बंद करते, सून हाक मारतेय."

सून मेलबर्नला होती. काकूंनी दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांचं नाव सांगून पोलिसांना कळवलं, आवाज पुन्हा सुरू केला आणि विनीताला बोलण्यात गुंतवून ठेवलं. गुडघ्यावरून कंबर, कमरेवरून चक्कर, चक्करेवरून सारखी लागणारी तहान. विनीता सगळं लिहून घेत होती आणि एकेक तपासणी वाढवत होती.

पस्तीस मिनिटांनी बेल वाजली. प्रतापने दार उघडलं. मास्क लावलेले दोन पोलीस उभे होते, एक पुरुष, एक बाई. त्याला वाटलं, घरापासून पाच किलोमीटरच्या आतच राहायच्या नियमाचं काही असेल.

"मी घराबाहेर पडलोच नाहीये," तो म्हणाला.

"घरात कोणावर ओरडत होतास?"

"स्प्रिंगवर."

थोरल्या पोलिसाने सहकाऱ्याकडे पाहिलं. "ती आता कुठे आहे?"

"तेच तर सापडत नाहीये."

मग मात्र त्याला बाहेर ओट्यावर उभं करण्यात आलं आणि पोलीसबाई विनीताला भेटायला आत गेली. समोरच्या घरातल्या लता खिडकीतून बघत होत्या. प्रतापने त्यांना हात केला. त्यांनी पडदा ओढला. बंदुकीच्या लायसन्ससाठी त्याने वर्षभर कोर्स केले होते, फॉर्म भरले होते. बायकोला धमकावल्याची नुसती शंका राहिली, तरी रिव्हॉल्वर जाणार, क्लब जाणार. आणि खरंच विनीता आपल्याला इतकी कंटाळली असेल का, की तिनेच फोन केला?

आत पोलीसबाईने हळुवारपणे विचारलं, "या घरात तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

"अगदी," विनीता म्हणाली. तेवढ्यात तिचं टेबलाकडे लक्ष गेलं. रिव्हॉल्वरचे तुकडे पसरले होते आणि शेजारी तिच्या आईने दिलेला मसाल्याचा डबा. हळद, जिरं, मोहरी एका ताटलीत एकत्र ओतलेली आणि पाच वाट्यांत एकेक तेलकट स्क्रू.

"नाही," ती म्हणाली. "त्या माणसाला आत बोलवा."

फोन रेखाकाकूंनी केला होता, हे कळून सगळा उलगडा व्हायला वीस मिनिटं लागली. थोरल्या पोलिसाने साहेबांना फोन केला. साहेबांनी एकच सांगितलं: शस्त्र पूर्ण जोडून, सगळ्या भागांसकट तिजोरीत गेलेलं बघा आणि मगच निघा. म्हणजे स्प्रिंग हवीच. दोन पोलीस, एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर टॉर्च घेऊन कार्पेटवर रांगायला लागले.

"हलू नकोस," अचानक मागून पोलीस म्हणाला.

प्रतापने दोन्ही हात वर केले.

पोलिसाने पुढे होऊन त्याच्या लोकरी स्वेटरच्या पाठीवरून स्प्रिंग अलगद उचलली. "No worries," तो म्हणाला.

रॉनला व्हिडिओवर घेऊन, दोन पोलिसांच्या देखत, प्रतापने रिव्हॉल्वर जोडलं. नवी मूठ झकास बसली. बंदूक तिजोरीत गेली, पोलीस गेले. विनीताने मसाल्याचा डबा तीनदा घासला आणि रात्री फक्त वरणभात केला, फोडणीशिवाय.

पुढच्या आठवड्यात रेखाकाकूंच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. विनीताने त्यांना व्हिडिओवर घेतलं. प्रताप मुद्दाम शेजारी येऊन बसला, आभार मानायला.

"काकू, तुमची शुगर बरीच वाढलीय. गुडघाही झिजलाय. बरं झालं तुम्ही सांगितलंत."



"अहो डॉक्टर, मी ते सगळं तुमचा जीव वाचवायला खोटंच सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "गोड अगदी बंद का?"

"बंद."

काकूंनी स्क्रीनवरून प्रतापकडे बघितलं. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि बशीत जिलबी.

"आणि यांना काही झालेलं नाही ना?"

"काही नाही," विनीता म्हणाली.

"एकदा तपासून घ्या," काकू म्हणाल्या. "सगळंच. पस्तीस मिनिटं तरी."