सव्वाबारापर्यंतचा सिनेमा

"अगं, हा सिनेमा मला पाठ आहे, पाठ!" सुधाताईंनी गाडीत बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं. "तीन वेळा पाहिलाय. सदुसष्ट साली, पुण्यात, रविवारच्या मॅटिनीला. घोड्यांची नावंसुद्धा सांगते!"

"आई, घोड्यांची नावं नकोत," यशोधन स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाला. "तू फक्त गोड हसायचंस आणि केक खायचास. बाकी काही नाही."

यशोधन धास्तावला होता तो उगाच नाही. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या बाहेर ओढ्याकाठी श्रेबरगार्टन आहेत, म्हणजे गावातल्या लोकांना भाड्याने आखून दिलेले बागेचे तुकडे. प्रत्येकात एक खोपट, चार झाडं आणि चारशे नियम! असा एक तुकडा मिळावा म्हणून तो चार वर्षं यादीत ताटकळत होता. आता सतरा नंबर रिकामा झाला होता. अर्जदार होते सहा. आज संघाच्या सभागृहात कॉफी, केक आणि जुना काउबॉयचा सिनेमा असा बेत ठेवून कार्यकारिणी सहाही कुटुंबांना एकदा डोळ्यांखालून घालणार होती. मुलगी बघायला यावं तसंच! सुधाताईंनी तर त्या बागेत मेथी, आळू आणि कढीपत्ता मनातल्या मनात लावूनही टाकला होता. कढीपत्ता इथल्या थंडीत जगत नाही असं सून तीनदा म्हणाली होती, पण मनातल्या रोपाला कसली आलीय थंडी!

"अहो आई, आणखी एक," मैथिली मागे वळून म्हणाली. तिच्या मांडीवर पुण्याहून आणलेली, बटण लावायची प्लास्टिकची फाईल होती आणि तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स. "तिथे पाण्याचा विषय काढायचा नाही हं."

"पाण्याचा? तो का?"

"अध्यक्ष हेर ब्रुकनर, म्हणजे ब्रुकनरसाहेब, आणि त्यांच्या पलीकडच्या बागेतल्या फ्राऊ केसलर, म्हणजे केसलरबाई. तिचं कुंपणाचं झुडूप नियमापेक्षा पंधरा सेंटिमीटर उंच निघालं, म्हणून त्यांनी तिचा नळ बंद केला. नऊ वर्षं झाली. ती लांबच्या पंपावरून झारीने पाणी आणते, पण झुडूप कापत नाही."

"अगं बाई! आणि बोलणंचालणं?"

"पत्रं पाठवतात एकमेकांना. रजिस्टर्ड."

"मी कशाला पाण्याचं बोलू? मला काय कळत नाही?" सुधाताई फणकारल्या.

"आजी, बिट्टे," शेजारून स्वानंदीने हात जोडले. या अकरा वर्षांच्या नातीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर द्यायची ती जर्मनमधून. हे 'प्लीज' मात्र आजीलाही कळायचं.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. हेर ब्रुकनर म्हणजे ऐंशी वर्षांचा, देवदारासारखा सरळ माणूस. जुन्या बाजारात रिळांचा अख्खा संच मिळाला म्हणून त्यांनी तो विकत घेतलेला. सिनेमा त्यांनीही पाहिलेला नव्हता. पडदे ओढले गेले, प्रोजेक्टर खडखडला आणि सुधाताई एकोणीस वर्षांच्या झाल्या!

तेच माळरान. तीच बैलगाड्यांपेक्षा थोराड, कापडी छपरांच्या गाड्यांची रांग. नव्या मुलखात घर थाटायला निघालेली माणसं, पोरंबाळं, कोंबड्या. आणि तो, काळ्या घोड्यावरचा बंदूकवाला! मोठ्या जमीनदाराकडून पैसे घेऊन त्याने वरच्या अंगाला नदी अडवलेली. खाली या लोकांची शेतं करपलेली, एका विधवेच्या तर दोन्ही गाई मेलेल्या. मग त्याला केल्या कर्माचा पस्तावा होतो. फरक एवढाच की इथे सगळे घोडेस्वार अस्खलित जर्मन बोलत होते.

"आता बघ, तो हिच्या दाराशी जाणार," सुधाताई कुजबुजल्या. "आता हॅट काढणार."

"आजीला सगळा येतो!" स्वानंदीने पुढच्या रांगेला जर्मनमधून कौतुकाने सांगितलं. पुढच्या रांगेने मागे वळून मान डोलावली. सुधाताईंची मान ताठ झाली.

पडद्यावर संध्याकाळ. बंदूकवाला दार वाजवतो. विधवा दार उघडते. तो हॅट काढतो, बोलायला तोंड उघडतो आणि...

पडद्यावर एक गाय आली. तिला कोणीतरी लस टोचली.

लोकांना वाटलं, विधवेची तिसरी गाय! पाच मिनिटं सगळ्यांनी ती मन लावून पाहिली. मग दुसऱ्या गाईला लस टोचली गेली, पाठोपाठ डुकराला, आणि हेर ब्रुकनरांच्या लक्षात आलं की शेवटच्या डब्यात पशुवैद्यक खात्याचा माहितीपट आहे. दिवे लागले. चाळीस माणसं हळहळली. कोणी मोबाईल काढले, पण त्या ओढ्याकाठी रेंज नाही; त्यासाठी बसथांब्यापर्यंत जायला हवं.

"पण माझ्या आजीला शेवट ठाऊक आहे!" स्वानंदीने हात वर केला.

टाळ्या पडल्या. चाळीस चेहरे वळले. आणि सुधाताईंची ताठ मान खाली गेली.

कारण शेवट त्यांनी पाहिलाच नव्हता! वडील रविवारी साडेबाराला पानावर बसत आणि त्यांच्या पानात गरम पोळी पडावीच लागे. त्यामुळे सिनेमा कुठलाही असो, बरोबर सव्वाबाराला मैत्रीण शुभा दंड धरून ओढायची, "सुधे, ऊठ! सायकली काढ!" हा सिनेमा तीनदा पाहिला तो शेवटासाठीच. तिन्ही वेळा बंदूकवाल्याने हॅट काढली, तोंड उघडलं, आणि सुधाताई सायकलवर होत्या. तो काय बोलला असेल, हे अठ्ठावन्न वर्षं त्या पोळ्या लाटताना मनाशी म्हणून बघत आल्या होत्या.

"आई, नाही येत म्हणून सांग," यशोधन दातांतल्या दातांत म्हणाला.

पण नात बघत होती. तिच्यापुढे कसं म्हणणार, आजी थापा मारते म्हणून?

सुधाताई उठल्या. पदर सारखा केला. आणि आईकडून श्रावणात ऐकलेल्या कहाण्यांच्या चालीवर सुरुवात झाली, स्वानंदी वाक्यावाक्याला जर्मन करत गेली.

"तो म्हणाला, बाई, मी चुकलो. ती म्हणाली, चुकलास ते दिसतंय, आधी पाणी सोड! तुझ्या बंदुकीला मी भीत नाही, पण माझ्या गाई काय तुझ्या बापाच्या होत्या? तो ओशाळला. उलट पावली गेला. सात दिवस उपाशी राहून स्वतःच्या हातांनी त्याने तो बांध फोडला..."

मैथिलीने डोळे मिटून घेतले. पण सुधाताई आता कोणाचं ऐकतात! जमीनदारालाही त्यांनी पश्चात्तापाला लावलं, वाळलेल्या मक्याला कोंब फुटवले.

"...पाणी खळाळत बाईच्या शेतात गेलं. मग तिने त्याला पंगतीला बसवलं. तो म्हणाला, मी शेवटी बसतो. आणि ती म्हणाली, इतकी वर्षं लागली होय रे तुला, एक तोटी फिरवायला?"

स्वानंदीने 'तोटी'चं जर्मन केलं.

फ्राऊ केसलर हेर ब्रुकनरांकडे बघत होत्या. सगळे हेर ब्रुकनरांकडे बघत होते. ते खाली मान घालून टाचणी लावल्यासारखे बसले होते. त्यांचे कान बीटरूटसारखे झाले, ते उठले आणि बाहेर निघून गेले.

"गेला सतरा नंबर," यशोधन म्हणाला. "मी जरा बसथांब्यावर जाऊन येतो." आणि तोही गेला.

सुधाताई मटकन बसल्या. मेथी, आळू, कढीपत्ता, सगळं एका फटक्यात उपटलं गेलं!

तेवढ्यात खिडकीखाली काहीतरी गुरगुरलं. हेर ब्रुकनरांनी नळ सोडला होता! नऊ वर्षं कोरडा पडलेला फ्राऊ केसलरांचा पाइप सभागृहाच्या भिंतीलाच सांध्यात सुटलेला होता. पाण्याचा जो फवारा उडाला तो खिडकीतून थेट केकच्या टेबलावर! चेरीचा केक वाहून गेला, कार्यकारिणी टेबलाखाली गेली, आणि टेबलावर जमा केलेला अर्जांचा अख्खा गठ्ठा पुडिंगसारखा लिबलिबीत झाला. फ्राऊ केसलर त्या कारंज्यात उभ्या राहून हसत होत्या, गदागदा. हेर ब्रुकनर निथळत आत आले, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि बोलायला त्यांनी तोंड उघडलं. सुधाताई श्वास रोखून पुढे वाकल्या. हा तरी काय बोलतो ते ऐकू या!

"झुडूप मात्र," हेर ब्रुकनर म्हणाले, "अजूनही पंधरा सेंटिमीटर उंच आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ केसलर म्हणाल्या, आणि स्वतःचा रुमाल त्यांच्या हातात दिला.

यशोधन परत आला तेव्हा चिटणीसबाई लगद्यातून एकच गोष्ट कोरडी उचलत होत्या: मैथिलीची बटणाची फाईल. बाकीच्या पाच जणांचे अर्ज वाचता येत नव्हते. आणि नियम क्रमांक अमुकप्रमाणे न वाचता येणारा अर्ज बाद. मैथिली रडत आणि हसत सही करत होती.

"आई," यशोधनने त्यांना कोपऱ्यात ओढलं. "रेंज मिळाली. मी खरा शेवट वाचला. तू सांगितलास त्यातलं काहीसुद्धा..."

"गप्प! कोणाला सांगू नकोस," सुधाताईंनी त्याचा दंड धरला. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मला मात्र सांग. तो काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"तोंड उघडतो, मिटतो. हॅट घालतो आणि निघून जातो. ती दार लावते. नंतर पाऊस पडतो. समाप्त."

"एवढंच?" सुधाताई बघतच राहिल्या. "अठ्ठावन्न वर्षं मी... अरे, त्यापेक्षा वडिलांच्या पोळ्या बऱ्या होत्या!"

तेवढ्यात हेर ब्रुकनर टॉवेल गुंडाळून आले. त्यांनी फार अदबीने एक यादी पुढे केली. स्वानंदीने ती आजीला वाचून दाखवली आणि या खेपेला चक्क मराठीत बोलली, "आजी, असे अजून सात सिनेमे आहेत त्यांच्याकडे. शेवटचं रीळ लावायचंच नाही म्हणतात. शेवट तू सांगायचा. तू पाहिलेत ना गं सगळे?"

सुधाताईंनी यादीवरून नजर फिरवली.

"पाहिलेत की!" त्या म्हणाल्या. "सगळे पाहिलेत. सव्वाबारापर्यंत."