राठोडबाबूंची सतरावी सूचना

राठोडबाबूंच्या वहीतली सतरावी सूचना खोटी आहे. ती खोटी आहे हे फक्त मला माहीत आहे, आणि मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

राठोडबाबू आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली ज्युनिअर. ते मूळचे शिरड शहापूरकडच्या एका तांड्यातले. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. बाबूंच्या पिढीत हातात कासऱ्याऐवजी पेन आलं, पण बोलण्यातून बैल काही गेला नाही.

शाळेतला पहिला कॉम्प्युटर डॉसवर चालायचा. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. बाबू चपला बाहेर काढून आत यायचे, मशीन चालू करायचे आणि हात मागे बांधून दोन मिनिटं नुसते समोर उभे राहायचे.

"काहून उभे राहता, बाबू?" मी विचारायचो.

"त्याला आपल्याला पाहू द्या की. जनावर न्हाई का, आधी माणूस वळखतं."

हेडमास्तर दारातून ओरडायचे, "राठोड, पेंड आणू का त्याला?"

"पेंड नको सर, स्टॅबिलायझर आणा. लाईट कमीजास्त होऊन राहिली." चेहरा अगदी गंभीर.

पुढे विंडोज येणार अशी बातमी आली. शेजारपाजारच्या शाळांचे क्लार्क घाबरून गेले. बाबू हिंगोलीला चार दिवसांचं शिक्षण घेऊन आले आणि त्यांनी एक दोनशेपानी वही केली. वर लिहिलं, 'नव्या माणसाकरता'. खाली नंबर घालून सूचना. माऊस मुठीत आवळू नये, कासऱ्यासारखा सैल धरावा. बटण दोनदा दाबायचं असल्यास मधे श्वास घेऊ नये. वाळूचं घड्याळ दिसलं की समजावं, मशीन रवंथ करून राहिलं. तेव्हा त्याला दुसरं काम सांगू नये. मशीन अडकलं तर मारू नये, आपणच पाणी पिऊन यावं.

लोक हसायचे, मीही हसायचो. पण बाळापूरच्या बाजाराला आलेले क्लार्क पिशव्या घेऊन आमच्या ऑफिसात बसायचे आणि त्या सूचना उतरवून न्यायचे.

सोळावी सूचना अशी होती: 'नवं आलं तरी जुनं आठ दिवस शेजारीच बांधून ठेवावं.' नवा बैल आणला की जुन्याला लगेच दावणीवरून काढत नाहीत. नवा बुजतो, जुन्याकडे पाहून शिकतो. तसंच हे, असं बाबूंचं म्हणणं. आपलं काय काय जुन्यात राहिलं, हे आठ दिवसांत आठवतं.

सोमवारी विंडोजचं नवं मशीन आलं. बाबूंनी ते जुन्याच्या शेजारी मांडलं. बुधवारी तांड्यावरून निरोप आला की त्यांचे वडील गेले. बाबू निघाले, तेव्हा दारातून वळून म्हणाले, "जोशी, जुन्याकडं लक्ष ठेवा."

मी नांदेडला कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. बैलाच्या गोष्टी ऐकून कंटाळलेला. गुरुवारी हेडमास्तरांवर छाप पाडायची म्हणून मी जुन्या मशीनवरही विंडोज टाकायला घेतलं. शाळेच्या फायली फ्लॉपीवर उतरवल्या. यादीत 'बापू' नावाची एक फाईल दिसली. ती मी उघडून पाहिली नाही, उतरवूनही घेतली नाही. असेल काहीतरी, म्हटलं. मशीननं विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल? मी हो म्हणालो.

तेरावं करून बाबू परत आले. डोकं भादरलेलं. चपला काढून ते जुन्या मशीनसमोर उभे राहिले. काळा पडदा आता निळा होता.

"जोशी, माझी एक फाईल होती. बापू."

मी म्हणालो, "व्हायरस आला होता, बाबू. तुम्ही हिंगोलीहून आणलेल्या फ्लॉपीतून आला. सगळं पुसावं लागलं."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून सहज निघालं.

ते स्टुलावर बसले. मग त्यांनी सांगितलं. वडिलांची नजर गेली होती. म्हातारा दुसरं काही बोलायचाच नाही. फक्त त्याच्या आज्यानं सांगितलेली बैलांची वाट सांगायचा. कुठल्या मुक्कामाला पाणी, कुठं चारा, कुठल्या झाडाखाली कोण बाळंत झाली, कोणाला कुठं पुरलं. बाबू दर शनिवारी तांड्यावर जाऊन चिठ्ठ्यांवर ते लिहून घ्यायचे आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत टाईप करायचे. टाईप झालं की चिठ्ठी फाडायची. मशीनमधे पक्कं झालं, म्हणून.

"म्हंजे माझ्याच हातानं गेलं व्हय," ते म्हणाले. मशीनच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "तुमी तकलीफ करून घेऊ नका, जोशी. तुमी होता म्हणून मशीन तरी वाचलं."

त्याच दुपारी त्यांनी वहीत लिहिलं: 'सूचना १७. बाहेरची फ्लॉपी लावू नये. राठोडनं लावली, बापाचं गेलं.'

पुढं सात वर्षं, येईल त्या नव्या क्लार्कला ते ही सूचना माझ्यासमोर वाचून दाखवायचे. बैलाच्या सूचनांना लोक हसायचे, सतरावी मात्र लगेच उतरवून घ्यायचे. मी कपाटात काहीतरी शोधत राहायचो. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुमीच सांभाळा. तुमाला सगळं म्हाईत हाय."

परवा शाळेत पुन्हा नवी मशिनं आली, पुन्हा नवी विंडोज. नव्या क्लार्क मॅडम घाबरलेल्या होत्या, म्हणून मी त्यांना वही दिली. हसत हसत त्या सतराव्या सूचनेपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"सर, हे राठोड कोण? एवढे निष्काळजी होते?"

मी म्हणालो, "नाही." आणि कपाटात काहीतरी शोधायला लागलो.

राठोडबाबू अजून तांड्यावर आहेत. इथून एसटीनं फार लांब नाही. फाईल तर आता कुणीच परत आणू शकत नाही. पण ती मी पुसली, हे त्यांना सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.