अस्वलरावांची पोकळ भिंत

एका जंगलात, बाळांनो, वीज पोहोचली होती. अक्कल अजून वाटेत होती.

तिथे अस्वलराव राहत. त्यांच्या लेकीला, मधुराला, आपल्या मुलासाठी पाहायला डोंगरापलीकडचे भालेराव येणार होते. स्थळ सोन्यासारखं. ते हातचं गेलं, तर अस्वलरावांची झोप उडणार होती. आणि अस्वलाला झोप म्हणजे काय, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल.

म्हणून त्यांनी गुहेत शहरी पद्धतीची भिंत उभारली. आत पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, वरून पांढरा बोर्ड, मध्ये नुसती हवा. या भिंतीवर टीव्ही टांगायचं ठरलं.

शेजारच्या साळूकाकू साळिंदर मदतीला आल्या. त्यांनी भिंतीवर लोहचुंबक फिरवलं. ते एके ठिकाणी चिकटलं.

"भाऊजी, पट्टी इथे आहे. स्क्रू हिच्यातच धरतील."

"पण ही तर कडेला आहे," अस्वलराव म्हणाले. "व्याही समोर बसणार आणि टीव्ही कडेला? लोक काय म्हणतील?"

आणि त्यांनी टीव्ही बरोब्बर मध्यावर टांगला. म्हणजे हवेत. मला तर त्या टीव्हीचीच दया येते.

भालेराव आले. पोहे झाले. मुलगी पसंत पडली. आता फक्त साखर वाटायची राहिली होती. पण भालेरावांना एक खोड होती. नवी वस्तू दिसली की ती हलवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते उठून टीव्हीकडे गेले.

"ओढू नका हो, पडेल," साळूकाकू म्हणाल्या.

भालेरावांनी ओढला. टीव्ही पडला. सोबत अर्धा बोर्डही आला.

अस्वलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. चूक टांगणाऱ्याची की ओढणाऱ्याची? काहीही ठरलं तरी सोयरीक मोडणार होती.

मग भालेराव हळूच म्हणाले, "या बाई आधीच 'पडेल' म्हणाल्या."

"म्हणाल्या खऱ्या." अस्वलरावांचा जीव भांड्यात पडला. "जीभच काळी त्यांची. आम्ही शेजारी म्हणून सोसतो."

"शुभकार्यात असं बोलतं का कुणी?"

"तेच म्हणतो मी."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. साखर वाटली गेली. साळूकाकूंना कुणी दिली नाही.

तात्पर्य: भिंतीतली पट्टी नाही सापडली तरी चालेल. दोष द्यायला शेजारीण सापडली, की दोन घरं घट्ट जोडली जातात.