कादंबरीतल्या आयांना भिणारे मास्तर

कादंबरीत आई आली, की गुरप्पा मास्तर पाय वर घेऊन बसत. घरात साप निघावा तसे.

सोलापुरात आमच्या शेजारच्याच खोल्यांत ते राहत आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवत. मनाच्या नव्या शास्त्रावरचं एक विलायती पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि आमचं वाचन धोक्यात आलं. दुपारी आम्ही चारपाच बायका ओसरीवर जमत असू, मी मोठ्यानं कादंबरी वाचत असे. सुट्टी असली की मास्तर खिडकीतून ऐकत. नायकाच्या आईनं त्याला घास भरवला रे भरवला, की आतून ओरडत, "अक्का, थांबा! भरवत नाही ती, गिळतेय त्याला! सुप्त मनाची भूक आहे ही!"

"मास्तर, श्रीखंड आहे ते."

"तीच तर युक्ती!"

आम्ही हसत असू. पण संध्याकाळी थोरल्याला भाकरी वाढताना माझाच हात अडखळला. पलीकडच्या काशीबाईनं तर लेकाचा मुका घेणंच सोडलं.

मग मास्तरांच्या बायकोला, गौरव्वाला, सातवा महिना लागला. रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला न्यायला तिची आई अक्कलकोटहून बैलगाडी घेऊन आली. मास्तर दार अडवून उभे. तोंड पांढरंफटक.

"सासूबाई, तुम्हाला लेक परत पोटात घालायची आहे. शास्त्रात आहे हे."

"अय्यो! लई शिकलात म्हून असं बोलायचं व्हय, जावईबापू? पयलं बाळंतपण म्हायेरीच की! तुमची अव्वा काय सासरी बाळंत झाली व्हती?"

मास्तरांनी दाराची चौकट आणखी घट्ट धरली. मला एव्हाना राग आला होता. म्हटलं, "मास्तर, शास्त्र पुरे. भीती कसली वाटते ते सरळ बोला."

"माझी अव्वाही अशीच गाडीत बसून माहेरी गेली होती," ते म्हणाले. "परत येताना गाडीत मी एकटाच होतो. आत्याच्या मांडीवर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात आई असली की ती काय करते, हे मला पुस्तकांतूनच कळलंय, अक्का."

गौरव्वा त्यांच्या मागे बोचकं धरून तशीच उभी होती. तिच्या आईनं गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी ती बाई. तिनं जावयाचा हात हलकेच बाजूला केला, आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"गौरव्वा," ती म्हणाली, "तांब्याभर पानी आन. मी हितंच ऱ्हाते."