धुक्यातील दरबारी बाळराजांचे शब्द मोजिले त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जी डोळ्यांस दिसत नाही तिला नमन करून, आणि जे दिसते तेवढेच लिहीन ऐसा नेम धरून, लेखणी हाती घेतली असे. शके सोळाशे चार, दुंदुभीनाम संवत्सरे, पौष मासी, एके राज्यी वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नाव पुसाल तर ते धुक्यात राहिले, लिहिणाराचा इलाज नाही. ते राज्य तळ्याकाठी वसलेले, आणि तळ्यातून धुके ऐसे उठे की राजवाडा कापसात ठेवलेल्या नथीसारखा दिसे, आणि हत्ती येऊ लागला तर आधी घंटा येई, मग सोंड येई, आणि हत्ती बराच वेळाने येई. समोरचा मनुष्य आहे की गेला हे कळण्यास उपाय एकच, तो बोलत राहिला पाहिजे. म्हणोन तेथे रीतच पडली की कोणी गप्प राहू नये. गप्प राहिला तो हरवला ऐसे मानोन लोक मशाली घेऊन शोधावयास निघत. प्रश्न पुरता होण्याआधी जबाब देणे हा सभ्यपणा, आणि दुसऱ्याचा जबाब आपण देऊन टाकणे ही तर माया. ऐशा बोलक्या राज्यात महाराजांचे पोटी पुत्र जाले, नाव नीळकंठराजे, वय वर्षे सहा, डोळे पहाटेच्या पाण्यासारखे, आणि बोलणे म्हणोन नाही. कोणी पुसावे, “बाळराजे, दूध घेणार?” की सहा मुखे म्हणत, “घेणार, घेणार, वेलची घालून घेणार,” आणि दूध येई, आणि बाळराजे पीत. त्यांस हवे होते की नव्हते, हे धुक्यासच ठाऊक.

आता त्या राज्याचा कायदा ऐसा की वारसाने सातवे वर्षी भरदरबारी आपले नाव आपल्या मुखे सांगावे, मग टिळा व्हावा. तेव्हा महाराजांचे धाकटे बंधू जगदेवराव, ज्यांस सर्व काकासाहेब म्हणत, ते आपला पुत्र रंगोजी यास पुढे घेऊन आले, आणि रंगोजीने सात पिढ्यांची नावे एका श्वासात म्हटली, आणि वर आठवी पिढी आपल्या मनची घातली. मग काकासाहेब गोड बोलिले, “दादासाहेब, मुका राजा धुक्यात हरवला तर शोधायचा कसा? फाल्गुन शुद्ध द्वितीयेस बाळराजांनी नाव सांगितले तर उत्तमच. न सांगितले तर डोंगरावरचे मठात सुखाने राहावे. तेथे घंटा आहेत, करमेल. टिळा रंगोजीस होईल.” महाराज मनाचे मऊ, परंतु कायदा पडला वडिलांचा, म्हणोन मान डोलविली, आणि मासाहेबांनी पदर तोंडास लाविला तो काढीचना. डोंगर इतका दूर की धुके नसतानाही दिसत नसे.

तेव्हा राजकन्या वेणूबाई उठून उभ्या राहिल्या. वय वर्षे चौदा, नुकत्या दरबारी बसू लागलेल्या, आणि बसू लागल्या तशा बोलू लागल्या, आणि बोलू लागल्या त्या काय सांगावे, थांबेनातच. त्या म्हणाल्या, “आबासाहेब, नीळकंठ बोलत नाही म्हणता, तर किती बोलत नाही?”

दरबार हसला. काकासाहेब म्हणाले, “नाही म्हणजे नाही, बाई. नाहीस का कुठे माप असते?”

“असते, काकासाहेब. कोणी घेतलेच नाही, एवढेच.”

महाराजांस हे बोलणे रुचले, की त्यातून फाल्गुनापर्यंत विचार करण्यास सवड मिळत होती हे रुचले, ते असो. त्यांनी मोजण्याचा हुकूम केला. मग वेणूबाईंनी दोन घट मांडिले आणि चिंचोक्यांची टोपली ठेविली, आणि बाळराजे शब्द बोलले की एक चिंचोका घटात टाकावा ऐसे ठरविले, आणि टाकणारे दोन नेमिले, एक बाळराजांची दाई चिमणाबाई, दुसरा काकासाहेबांकडील कारकून सुभानजी, अर्थात एक मायेचा आणि एक वैराचा, म्हणजे मध्ये कोठेतरी खरे सापडेल. पहिले संध्याकाळी पाहतात तो चिमणाबाईचा घट काठोकाठ आणि सुभानजीचा घट रिता.

“चिमणाबाई, एवढे शब्द?”

“म्हणजे काय, ताईसाहेब. शिंकले तेव्हा अगदी स्पष्ट ‘आई’ म्हणाले. आणि जांभई दिली ती माझ्या नावाची दिली.”

“आणि सुभानजी, तुम्हांस एकही नाही?”

“एकदा ‘नको’ म्हणाले खरे,” सुभानजी पागोटे सारखे करीत म्हणाला. “पण मान खाली घालून म्हणाले. मान खाली असता बोललेले आम्ही धरीत नाही.”

वेणूबाई कपाळास हात लावून बसल्या. त्यांच्या ध्यानी आले की एका घटात चिमणाबाईची माया भरली आहे आणि दुसऱ्यात काकासाहेबांचा धाक, आणि नीळकंठ दोहोंतही नाही. मग त्यांनी ठराव केला: शब्द म्हणजे तो, जो मुखातून निघाला आणि पलीकडच्यास कळला. शिंक नव्हे, जांभई नव्हे, रडे नव्हे. मान खाली असो, वर असो, मान मोजायची नाही. हे दोघांकडून पाठ करवून घेतले, आणि मग दोन घट हळूहळू जुळू लागले, जुळ्या भावंडांप्रमाणे, थोडा फरक नाकाचा.

इतक्यात वैद्यराज धुंडिराज वेखंड उगाळून आले, बाळराजांचे जिभेस लावावे म्हणोन. मागून जोशी ग्रहांची शांत घेऊन आले, आणि कोणी मध आणिला, आणि कोणी पोपट आणिला. वेणूबाईंनी दारातच हात आडवे केले. “इतके सगळे एकदम कराल, आणि उद्या नीळकंठ बोलला, तर शालजोडी कोणास द्यायची? पोपटास? काही दिवस कोणी काही करू नका. आहे तसे पाहू द्या.” काहीच न करणे हे त्या राज्यात कोणी केले नव्हते, म्हणोन लोकांस फार जड गेले. वैद्यराज तर खल हाती घेऊन नुसतेच फेऱ्या घालीत.

आणि पाहता पाहता नवल दिसले. वेणूबाईंनी जागोजागचे घट वेगळे केले होते, तो दरबारातला रिता, बागेतला रिता, न्हाणीतला रिता, आणि पंगतीतल्या घटात मात्र चिंचोके. “मीठ” म्हणोन एक. “आणखी” म्हणोन एक. वैद्यराज आनंदाने खल वाजवू लागले. “तूप. पंगतीस तूप असते. तुपाने वाचा फुटते, मी वीस वर्षे सांगतो आहे.” पण वेणूबाई पंगतीत बसून बाळराजांकडे न पाहता इतरांकडे पाहत होत्या, आणि त्यांनी पाहिले की डिंकाचे लाडू वाढले म्हणजे सरदारांच्या दाढा चिकटतात, आणि त्या एवढ्या राज्यात तेवढीच काय ती शांतता होते, आणि त्या शांततेत आधी नीळकंठाचे ओठ हलतात, मग शब्द येतो, तळ्यातून मासळी वर यावी तसा, घाई नाही. मग त्यांनी देवळातले अभिषेकपात्र मागून आणिले, ज्यातून थेंब थेंब पाणी पडते, आणि प्रश्न पुसल्यापासून थेंब मोजिले. दरबारी लोक दोन थेंबही दम धरीत नसत. नीळकंठाचा शब्द नवव्या थेंबाच्या आसपास निघे. सात थेंब दरबार आधी निघून जाई, आणि मूल मागे राही.

आता पक्ष दोन जाले, तूप की थांबणे. वेणूबाई म्हणाल्या, “एका वेळी एकच.” आधी वैद्यराजांचा मान राखिला. बाळराजांस सकाळपासून तूप, भातावर तूप, दुधात तूप, आणि लोकांनी बोलणे नित्यासारखे चालविले. बाळराजांचे गाल समईसारखे चकाकू लागले, दुपारी झोप फार येऊ लागली, आणि घट रिते. मग तूप बंद, आणि बागेत अभिषेकपात्र टांगून ऐसा नेम केला की बाळराजांस काही पुसले म्हणजे दहावा थेंब पडेतो कोणी ब्र काढू नये. अहो, काय हाल जाले लोकांचे. धुक्यात गप्प उभे राहायचे, म्हणोन एकमेकांचे हात धरून राहिले, आणि एका सरदाराने शेल्याचा बोळा तोंडात धरिला, आणि चिमणाबाई डोळे मिटून मनात बोलत होती तेही ऐकू येत होते. थेंब पडे, थेंब पडे, धुके झाडांतून हलके हलके चाले, आणि मग त्या पांढऱ्यातून लहानसा आवाज येई. “तळं.” दुसरे दिवशी, “हत्ती आला.” मग एके सकाळी, कोणी पुसले नसता, “अक्का, धुकं गार लागतं.” वेणूबाईंच्या हातचा चिंचोका खाली पडला, तो उचलण्याचेही सुचले नाही, सुभानजीने उचलून घटात टाकिला.

काकासाहेबांनी हे ऐकिले आणि हसून म्हणाले, “मुले वाढतात, बाई. माघ लागला, धुके विरळ जाले, बोलले. तुमच्या थेंबांचे काय त्यात?” आणि महाराजांनी वेणूबाईंस जवळ बसवून म्हटले, “वेणू, टिळ्याचे दिवशी सगळा दरबार गप्प बसवायचा म्हणतेस. आपले लोक भितील गं. तुझ्या थांबण्यानेच तो बोलतो, माघाने नव्हे, हे मला दाखव. दाखवलेस तर मी हुकूम करतो.”

दाखवण्याचा मार्ग वेणूबाईंस ठाऊक होता, म्हणोनच त्या रात्री जेवल्या नाहीत. थांबणे काढून घ्यायचे. पुन्हा घाई करायची. शब्द गेले तर थांबण्याचे, राहिले तर माघाचे. मासाहेबांस कळले तेव्हा त्या म्हणाल्या, “लेकराच्या तोंडचा घास काढतेस तू. तुझ्या पाठचा भाऊ आहे तो.” वेणूबाई म्हणाल्या, “चारच दिवस, मासाहेब. नाहीतर तो डोंगरावर जाईल, आणि तिथे त्याला कोण काय पुसणार आहे?” मासाहेब काही बोलल्या नाहीत, आणि त्या राज्यात काही न बोलणे म्हणजे केवढे, हे वाचणाराने समजावे.

मग पात्र काढिले, आणि घाई परत आली. पहिले दिवशी पुसले की बाळराजांचे ओठ हलत, आणि सहा मुखे जबाब देऊन जात. दुसरे दिवशी ओठ थोडे हलले. तिसरे दिवशी हललेच नाहीत. बाळराजे उठले, वेणूबाईंजवळ आले, आणि त्यांच्या ओठांवर आपले बोट ठेवून उभे राहिले. वेणूबाई तर एक अक्षर बोलल्या नव्हत्या, पण बाळराजांस एवढ्या गलक्यात बंद करण्यासारखे तेवढेच ओठ हाती लागत होते. चौथा दिवस केला नाही. वेणूबाईंनी उठून स्वतः पात्र टांगिले आणि म्हणाल्या, “पुरे. दिसायचे ते दिसले.” आणि बागेत पुन्हा थेंब पडू लागले, आणि पहिला दिवस नुसताच गेला, त्या दिवशी वेणूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना शब्द परत आले, आधी एक, मग त्याच्या मागोमाग त्याची सोबत. महाराजांनी चारी वेळचे घट रांगेने मांडून पाहिले, रिता, भरला, रिता, भरला, आणि दोघा मोजणारांचे सारखे. काकासाहेबांनी आपल्या सुभानजीकडे ऐसे पाहिले की दुसरा असता तर पागोटे सोडून पळाला असता. सुभानजी म्हणाला, “काय करू, सरकार. कळले ते टाकिले.” मग टिळ्याचे दिवशी दहा थेंब सगळ्या दरबाराने गप्प राहावे ऐसा हुकूम सुटला.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेस दरबार भरला. विरळ जालेले धुके जाता जाता एकवार परत आले होते, खिडक्यांतून आत शिरून सरदारांच्या मांडीवर बसले होते. महाराजांनी पुसले, “आपले नाव काय?” आणि सगळे राज्य गप्प जाले, पहिल्यानेच. थेंब पडू लागले. समोरच्यास समोरचा दिसेना, लोक बोटे धुंडून बोटे धरू लागले. नववा थेंब गेला. दहावा गेला. इतके लोक पाहून बाळराजांस नित्याहून वेळ लागणार हे वेणूबाईंनी मोजिलेच नव्हते, आणि हुकूम तर दहाचाच होता. काकासाहेबांनी घसा खाकरला. महाराज काकासाहेबांकडे पाहून हलकेच म्हणाले, “मोजणे पुरे जाले असेल, थांबणे पुरे जाले नाही.” आणि आणखी थेंब पडले, आणि मग धुक्यातून आवाज आला, लहान, पण सगळा.

“नीळकंठ.”

कोणी श्वास सोडण्याआधी बाळराजे महाराजांकडे पाहून म्हणाले, “आणि तुमचं?”

राजास त्याचे नाव कोणी पुसत नाही. महाराजांस राज्यावर बसल्यापासून कोणी पुसले नव्हते, सगळे महाराज म्हणत, आणि नाव होते ते कोठेतरी मागे राहिले होते. महाराजांचे ओठ हलले, शब्द येईना. तेव्हा भालदार, चोपदार, सरदार, वैद्यराज, जोशी, सगळ्यांनी मिळून माया करावी म्हणोन तोंडे उघडली.

बाळराजांनी हात वर केला. म्हणाले, “थांबा. सांगतील ते.”

आणि सगळे थांबले.

एणेप्रमाणे टिळा जाला, रंगोजी लाडू खाऊन घरी गेला, आणि काकासाहेब घोड्यावर बसून, वाटेत सापडेल त्याच्याशी बोलत, धुक्यात निघोन गेले. महाराजांनी आपले नाव सांगितले, हळू सांगितले. ते कितव्या थेंबास सांगितले हे लिहावयाचे होते, परंतु त्या वेळी कोणी मोजीत नव्हते.