सासऱ्यांची फर्म आणि भिंगाचा निकाल

"उद्या माझ्या सख्ख्या आजोबांवर लेख आला, तरी पुरावा नसेल तर उडवून टाकीन!" असं भिंग चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा. इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाचा तो बिनपगारी संपादक. कुठला लेख ठेवायचा आणि कुठला पुसायचा हे तो इतक्या गंभीरपणे ठरवायचा, की जणू पृथ्वीचं फिरणं त्याच्या सहीवाचून अडलंय. भिंग हे नावही मित्रांनी त्यावरूनच ठेवलेलं.

आजोबांवर लेख आला नाही. होणाऱ्या सासऱ्यांच्या वकिली फर्मवर आला! 'न्यायक्षेत्रातील दीपस्तंभ' वगैरे. पुरावा? दीपस्तंभाचीच वेबसाइट. भिंगाने दातओठ खात वर पाटी ठोकली : 'उल्लेखनीयता संशयास्पद. चर्चेनंतर लेख वगळला जाईल.'

संध्याकाळी होणाऱ्या बायकोचा फोन. तीही वडिलांच्याच फर्ममध्ये वकील.

"बाबा विचारतायत, हा पाटी लावणारा उपटसुंभ कोण?"

"मीच."

"लग्न करायचंय ना तुला?"

"करायचंय! पण त्रयस्थ संदर्भ लागतीलच."

"लग्नाला?"

"लेखाला गं!"

दुसऱ्या दिवशी भिंग फर्ममध्ये हजर. फायलींच्या ढिगाऱ्यामागून सासऱ्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

"काय पुरावा हवाय तुम्हाला?"

"ज्याचा तुमच्याशी संबंध नाही अशा कुणीतरी तुमच्याबद्दल लिहिलेलं, काका."

वकिलाला पुरावा म्हटलं की एकच गोष्ट सुचते. लेखाच्या चर्चेच्या पानावर प्रतिज्ञापत्रं येऊन आदळली! लिफ्टमन, न्हावी, समोरचा चष्मेवाला. सगळे सत्यप्रतिज्ञेवर सांगत होते की सदर फर्म आपल्याला माहीत आहे.

"काका, ही तुमची माणसं झाली."

"असं? मग हे घ्या!" विरोधी वकिलाचं प्रतिज्ञापत्र. 'या गृहस्थांनी माझं आयुष्य नासवलं आहे.' सासरे अभिमानाने म्हणाले, "याच्याहून त्रयस्थ कुठे मिळणार?"

"पण हे छापून आलेलं नाही, काका."

सासरे ताडकन उठले. त्यांनी थेट ज्ञानकोशालाच नोटीस धाडली : आम्ही प्रसिद्ध नाही, हे सिद्ध करा!

नोटिशीची बातमी झाली. एका वर्तमानपत्राने छापली, मग सगळ्यांनीच. एका साप्ताहिकाने तर फर्मवर व्यंगचित्रासह पानभर मजकूर दिला. वाचताना भिंगाचे डोळे भरून आले. त्रयस्थ! छापील! सविस्तर! नियम म्हणजे नियम. त्याने निकाल दिला : लेख ठेवावा. दीपस्तंभ मात्र त्याने विझवला. लेखात एकच वाक्य उरलं : 'ही फर्म आपण प्रसिद्ध असल्याचा दावा केल्याबद्दल प्रसिद्ध आहे.'

फुलांचा गुच्छ घेऊन तो फर्ममध्ये धावला. सासऱ्यांनी निकाल वाचला. पुन्हा वाचला.

"हा निकाल कुणी दिला?"

"मीच, काका!"

"होणाऱ्या जावयाने? सासऱ्याच्या बाजूने? अहो, शिकाऊ वकीलसुद्धा हा निकाल उडवून लावेल! अब्रू जाईल माझी!"

"पण तुम्ही जिंकलात!"

"म्हणूनच तर!" आणि एका बोटाने कीबोर्डवर टकटक करत सासऱ्यांनी स्वतःच्याच फर्मचा लेख वगळावा, असं अपील दाखल केलं. "निष्पक्ष निकाल लागेपर्यंत आपलं नातं नको. लग्नाला स्थगिती!"

भिंगाने आशेने होणाऱ्या बायकोकडे पाहिलं. ती नवी फाइल उघडत होती.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "बाबांचं वकीलपत्र मी घेतलंय."